घरचा सातवा नियम

नांदेड
मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

श्री. यज्ञेश यांस,

रविवार, दिनांक २ नोव्हेंबर २०२५ रोजी दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी, माझ्या घरात, माझ्या जेवणाच्या टेबलावर, माझ्या हातचे धपाटे खाऊन झाल्यावर, तुम्ही सर्वांदेखत घरचा सातवा नियम चुकीचा वाचलात आणि चुकीचा लावलात. ही त्याविषयीची लेखी तक्रार.

आधी तारीख आणि वेळ, मग काय घडले, मग आपल्याला काय हवे आणि कधीपर्यंत, ही पद्धत मला सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी लावली. हातवारे करणाऱ्या मुलीकडे त्या बघत नसत. कागद आण म्हणत. कागद लिहून होईपर्यंत निम्म्या मुलींचा राग निवून जाई. माझा जात नसे. तक्रार तिसऱ्या माणसाला कळेल अशी लिहावी, हेही त्यांचेच. म्हणून तुम्हाला ठाऊक असलेले बरेच काही पुढे येईल. वाचा.

आजवर मी तुम्हाला "अरे यज्ञेश" म्हणत आले. जावई म्हणून कधी मिरवू दिले नाही. तक्रारीत ते बसत नाही, तेव्हा आजपासून अहो-जाहो.

खेळ असा आहे. चार शिकलीसवरलेली माणसे टेबलाभोवती बसतात आणि आपण तलवारबाज, मांत्रिक, चोर आहोत असे समजतात. एक जण पुठ्ठ्याचा आडोसा लावून बसतो आणि समोर कोणता राक्षस आला ते सांगतो. तो सूत्रधार. सूत्रधार तुम्ही. काही करायचे झाले की वीस बाजूंचा फासा टाकायचा. प्रत्येक पात्राला एक पेशा आणि पेशात चढत्या पातळ्या. पुस्तक इंग्रजी, पण माझ्या मुलीने, मुग्धाने, सगळे शब्द मराठी केले, आणि पुस्तकात नसलेले आपले असे नऊ नियम लिहून भांड्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. तुमच्या लग्नाच्याही आधीपासून हे दर रविवारी चालले होते. मी स्वयंपाकघरातून ऐकत असे आणि नावे ठेवत असे.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये माझी मुलगी तापाने गेली. त्यानंतर एका रविवारी तुम्ही तिघे सवयीने आलात. तिच्या जागेवर तिच्या पात्राचा कागद पडलेला होता. मी बसले. दुपारी मला दुसरे काही करायचे नव्हते. चिमणी, पेशा चोर, पातळी सहावी. तेव्हापासून चिमणीला मी चालवते. तुम्ही लातूरला शिकवणीत भौतिकशास्त्र शिकवायला गेलात, तरी रविवारी बसने येत राहिलात. एवढी पार्श्वभूमी.

आता दोन तारीख. आपण सगळे एका पडक्या बारवेत उतरलो होतो. शिवप्रसादचा तलवारबाज भीमण्णा घाव लागून तळाशी पडला. पडलेल्याचा फासा तीनदा हुकला की तो मेला. भीमण्णाचा दोनदा हुकला होता. आपल्यात वैद्य कुणी नाही. मी म्हटले, चिमणीला आता दुसरा पेशा द्या, वैद्याचा. एका पात्राने दोन पेशे करण्याला आपल्या टेबलावर "दुबार" म्हणतात आणि सातव्या नियमाने ते चालते.

तुम्ही आडोशामागून म्हणालात, "आई, दुबार म्हणजे पहिलं मोडायचं. चिमणीच्या चोराच्या सगळ्या पातळ्या जातील. वैद्य म्हणून पहिलीपासून सुरुवात."

"असं कुठं लिहिलंय?"

"शब्दातच आहे ना. दुबार पेरणी. आधीचं मोडल्याशिवाय करतच नाहीत."

"म्हणजे मुग्धाच्या सहा पातळ्या मी पुसायच्या?"

"मग नका ना करू, आई. आणि आता वैद्य होऊन काय करणार आहे ती?"

मंजुश्रीने, म्हणजे बिलोलीच्या शाळेत शिकवणाऱ्या मुग्धाच्या मैत्रिणीने, आपल्या मांत्रिकाने, डोळ्यांना ओढणी लावली. शिवप्रसाद "चहा ठेवतो" म्हणून उठला. माझ्या घरातली काडेपेटी कुठे असते तेही त्याला माहीत नाही. मला काही वाटले नाही. हातात फासा होता तो मी डबीत ठेवला.

मागणी अशी की नियम पुन्हा वाचावा, निर्णय मागे घ्यावा आणि तसे लेखी कळवावे.

त्यानंतर चपला घालताना तुम्ही जे सांगितलेत, की तीस तारखेला लातूरला तुमचे लग्न आहे, मुलीचे नाव अक्षरा, तुमच्याच शिकवणीत जीवशास्त्र शिकवते, त्याचा या तक्रारीशी संबंध नाही. अभिनंदन.

तुमची खुर्ची मी गॅलरीत ठेवली आहे. तिचा एक पाय डगमगतो.

सौदामिनी


मंगळवार, ११ नोव्हेंबर

श्री. यज्ञेश यांस,

चार तारखेच्या पत्राला उत्तर म्हणून मोबाइलवर "आई, बोलूया का?" असा संदेश आला. ते उत्तर नव्हे. प्रश्नाच्या शेवटी प्रश्नचिन्ह दिलेले होते, एवढीच त्यातली जमेची बाजू.

रविवारी मी टेबल पुसले आणि फासे मांडले. कुणी आले नाही. येऊ नका असे मी कुणाला म्हटलेले नव्हते. पाच वाजता फासे परत डबीत ठेवले.

काल मोंढ्यात शिवप्रसादच्या आडतीवर गेले. "दुबार" हा शब्द टेबलावर त्याने आणला याविषयी दुमत नाही. उदगीरकडे रान असलेला आपल्यात तोच एक. बाकी आपण सगळे गहू किराणा दुकानात उगवतो असे समजणारे.

"या की ओ काकू. लई दिवसानं मोंढ्यात. काय देऊ, तूर की हरभरा?"

"मी खरेदीला आलेले नाही."

"ते तोंडावरूनच दिसायलंय." मग त्याने पोऱ्याला हाकलले, मला स्वतःची गादी दिली आणि हळूच विचारले, "काकू, मी अजून पडलेलाच हाय का बारवेत?"

"आहेस."

"गारठला असंल की ओ बिचारा. निदान कुणीतरी घोंगडं तरी टाका अंगावर."

त्याला मी हसले नाही. त्याची अपेक्षाही नव्हती. मी विचारले, दुबार म्हणजे काय.

"कोणती दुबार? दोन हायती."

मी म्हटले, दोन कशा असतील?

"आता बघा. पेरलं, उगवलं अन् पावसानं दडी मारली. कोवळं सगळं करपलं. मग ते मोडायचं अन् पुन्हा पेरायचं. ती दुबार पेरणी. लई वाईट काम, काकू. नांगर धरणारा मान वर करत न्हाई. अन् दुसरं काय, की सोयाबीन काढलं, पदरात पडलं, अन् त्याच रानात ओलीवर हरभरा टाकला. ते दुबार पीक. त्यात काय मोडायचं न्हाई. चांगल्या रानाचंच ते काम."

"मुग्धाला तू यातलं कुठलं सांगितलंस?"

त्याने समोरच्या पोत्यातून मूठभर हरभरा उपसला. "काकू, खोटं कशाला बोलू. ती म्हणली, एकावर दुसरा पेशा घेतात त्याला मराठीत काय म्हणावं. मी म्हणलो दुबार म्हण. तिनं विचारलं म्हणजे काय, अन् मी काहीतरी सांगितलं. काय ते न्हाई आठवत. भजे आले होते तवा. अन् त्या वर्षी आमच्याकडं दोन्हीबी झालतं."

चौतीस वर्षे मी कनिष्ठ महाविद्यालयात पोरांना हेच सांगत आले, की विशेषण एकटे सोडू नका, नाम जोडा. आणि माझ्या घराच्या कपाटावर नामाशिवाय एक विशेषण सात वर्षे चिकटून बसले होते.

घरी येऊन चष्मा बदलला आणि नियम वाचला. तुम्ही न वाचताच सांगितलात, म्हणून उतरवून देते. "पाचव्या पातळीनंतर दुबार चालेल. दुबार शेतात होते त" आणि पुढचे अक्षर नाही. चिकटपट्टी कडेने सुटली आहे आणि कागदाचा पापुद्रा शाईसकट घेऊन गेली आहे.

आता लक्ष द्या. पुढे "शी" असेल तर ती पेरणी. पेरणी होते तशी. "से" असेल तर ते पीक. पीक होते तसे. क्रियापदावरून काही कळत नाही, कारण "होते" दोघांनाही चालते. बोलताना मुग्धा "पीक होतं" असेच म्हणाली असती. पण "होतं, केलं, तसं" असे लिहिलेले मी तिला तिसरीपासून चालू दिले नाही. बोलायचे कसेही, लिहायचे "होते". ते तिने शेवटपर्यंत पाळले, खेळाच्या नियमातसुद्धा. तिने एक अनुस्वार दिला असता तर मला मोंढ्यात जावे लागले नसते.

तेव्हा तुमचा निर्णय अर्ध्या शब्दावर उभा आहे. तो टिकत नाही. लेखी कळवावे.

सौदामिनी


गुरुवार, १३ नोव्हेंबर

श्री. यज्ञेश यांस,

मागच्या पत्रात एक मुद्दा राहिला.

"वैद्य होऊन काय करणार आहे ती?" असे तुम्ही विचारलेत. सर्वांसमोर विचारलेत, म्हणून उत्तर देणे भाग आहे.

चोराला कुलपे उघडता येतात, भिंतीला चिकटून सावलीत उभे राहता येते, चालताना पायाचा आवाज येत नाही. अतिदक्षता विभागाच्या बाहेर हे सगळे मी करून पाहिले. भिंतीला चिकटून उभी राहिले. आवाज केला नाही. दार उघडले नाही. नर्स म्हणाली, भेटायची वेळ पाचला.

वैद्याला पहिल्याच पातळीला, पडलेल्या माणसाला हात लावून उठवता येते. पुढच्या पातळ्यांत काय येते ते मी वाचलेले नाही. मला त्या नको होत्या.

सौदामिनी


सोमवार, १७ नोव्हेंबर

श्री. यज्ञेश यांस,

काल रविवारी दुपारी बारा वाजता बेल वाजली. दारात पस्तिशीची एक बाई, खांद्याला पिशवी, चेहरा बसच्या प्रवासाने शिणलेला.

"काकू, मी अक्षरा. लातूरहून."

"पत्ता कुणी दिला?"

"तुमच्या पाकिटावर मागे असतो. ठळक. तीनदा आलाय."

"आत काय लिहिले आहे तेही वाचले असेल."

"नाही. सर पत्रं पुस्तकात ठेवतात. मी दुसऱ्याची पत्रं वाचत नाही."

उत्तर बरे होते. आत घेतले. तुम्ही पाठवले आहे का असे विचारले, तर म्हणाली, "त्यांना वाटतंय मी उदगीरला मावशीकडे गेले. उशिरा कळलं तर बरं, लवकर कळलं असतं तर मला येऊ दिलं नसतं." म्हणजे तुमची भावी पत्नी तुमच्याशी पहिले खोटे माझ्यासाठी बोलली आहे. नोंद घ्यावी.

टेबलापाशी ती उभीच राहिली. तीन खुर्च्या आहेत. मुग्धाच्या खुर्चीत मी होते, उरलेल्या दोन्हींवर वाळलेले कपडे.

"गॅलरीतली घेऊ?"

"तिचा पाय डगमगतो."

ती गॅलरीत गेली, खुर्ची आणली, टेकवली, हलवून पाहिली. "नाही डगमगत, काकू." आणि बसली.

तिला बघून मला काहीतरी होईल असे वाटले होते. झाले नाही. धपाटे केलेलेच होते, रविवारी मी करते. तिने दोन खाल्ले. तिसरा मी वाढला नाही. तिने मागून घेतला आणि दही आहे का विचारले.

मग डबीतला फासा काढून बोटांत फिरवला. "एवढ्या बाजू कशाला?"

"पर्याय आहेत असे वाटावे म्हणून."

ती हसली नाही. म्हणाली, "सर दोन आठवडे रोज असाच टाकत बसतात. घरी, एकटे. पडला की आकडा बघत पण नाहीत. उचलतात आणि परत टाकतात. मी विचारलं, हे काय चाललंय? तर म्हणे, भीमण्णाचा तिसरा फासा आहे. मी तीन दिवस भीमण्णा म्हणजे शिकवणीतला कुणी विद्यार्थी आहे आणि दवाखान्यात आहे असं समजत होते. चौकशी करायला हजेरीपट काढला."

मी म्हटले, सूत्रधाराने खेळाडूचा फासा टाकायचा नसतो. नियम दुसरा. हे तुम्हाला सांगायला तिला सांगितले आहे.

पुढचे ती खाली बघून बोलली. बोलली तसे लिहिते, म्हणजे नंतर वाद नको. "काकू, त्यांना त्या नियमाचा अर्थ माहीत नाही किंवा माहीत आहे, मला ठाऊक नाही. ते म्हणाले, मी मुद्दाम कडक अर्थ घेतला. पातळ्या जाणार म्हटल्यावर आई तो नाद सोडतील. चिमणी मुग्धाने ठेवली होती तशीच राहील. त्यात कुणी काही भर घातली की ती मुग्धाची राहणार नाही, असं म्हणाले. आणि मग म्हणाले, पण आईंना वाटलं मी माझ्याबद्दल बोलतोय."

"तुमचे सर असे म्हणाले?"

"हो. आणि म्हणाले, आईंनी माझी खुर्ची उचलली, गॅलरीत नेऊन ठेवली आणि म्हणाल्या, तुझं तू मोडून पेरलंस ना, मग आता या रानात पाय ठेवू नकोस."

असे मी म्हटल्याचे मला आठवत नाही. म्हटले नाही असेही माझे म्हणणे नाही. पहिल्या पत्रात ते आले नाही, कारण ती तक्रार तुमच्याविषयी होती.

ती म्हणाली, "तीस तारखेला अगदी साधं, घरगुती लग्न आहे. दहाच माणसं. माझ्या घरचे आठ. त्यांच्या बाजूने एक मित्र आणि एक जागा रिकामी ठेवलीय. कुणासाठी ते सांगत नाहीत."

मी "बघू" म्हटले. साडेतीनच्या बसला सोडायला रिक्षा स्टँडपर्यंत गेले. जाताना तिने विचारले, "मुग्धाताई कशा बोलायच्या?" आजवर कुणी विचारले नव्हते. लोक कशी गेली ते विचारतात. मी म्हटले, जोरात. आणि घाईने. आणि "ळ" नीट म्हणायची.

घरी आले तर खुर्ची तिने टेबलाला लावून ठेवलेली. मी ती तशीच ठेवली. रात्रीचे जेवण झाले नाही, भूक नव्हती. इतकेच.

तुमच्या अर्थाविषयीची माझी हरकत कायम आहे. आता उलट वाढली आहे. सूत्रधाराने नियम वाचायचा असतो, कुणाला घाबरवण्यासाठी वाकवायचा नसतो.

सौदामिनी


गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

यज्ञेश,

यातलं शुद्धलेखन बघून दचकू नकोस. बोलते तसं लिहिते आहे. एका पत्रापुरतं.

मंजुश्रीला फोन केला होता. नियम लिहिले तो दिवस तिला आठवतो, पण ती टेबलाच्या पलीकडच्या टोकाला होती आणि तिला अक्षरं उलटी दिसत होती. शिवप्रसाद भज्यांकडे बघत होता. मी आत भजीच तळत होते. मंजुश्री म्हणाली, "काकू, यज्ञेश तिच्या शेजारी बसून पट्टी धरत होता, ओळ तिरकी जाऊ नये म्हणून." म्हणजे ते अक्षर पडताना तू बघितलंस. आता बघितलेला तू एकटा.

चिमणीत मी भर घालत होते म्हणे. घालत होते. ती सहाव्या पातळीवर थांबली आहे, आणि मी वर्षभर तिला कुलपं उघडायला लावते आहे. प्रत्येक कुलूप उघडलं की तू म्हणतोस, "आत काही नाही." मला कंटाळा आला. तिलाही आला असता. सहा पातळ्या तिच्या, सातवी माझी, असं मला वाटलं होतं. तुला ते पुसणं वाटलं. आणि तू चपला घालताना जे सांगितलंस ते मला पुसणं वाटलं. आपण दोघं तिच्यावरून भांडत होतो आणि मी तुझ्या लग्नावरून भांडते आहे असं तू समजलास. थोडं तेही होतं. अक्षरा बरी आहे. जेवते नीट.

आज सकाळी कपाटावरून कागद सोडवला. स्टीलची पट्टी घालून हळूहळू. दारावर चार चौकोन उरले, मागचा रंग अजून नवा आहे. झेरॉक्स काढायला वजिराबादेत गेले. दुकानात पोरांची गर्दी होती, कुणाचे तरी प्रवेशाचे अर्ज. माझा नंबर आला आणि त्या मुलाने हात पुढे केला. मी कागद दिला नाही. परत आले.

तेव्हा मूळ कागदच या पाकिटात आहे. पुठ्ठ्यात घातला आहे, घडी घातलेली नाही, तूही घालू नकोस. तिच्या हातचं एवढं सलग लिहिलेलं घरात दुसरं काही नाही. बाकी सगळं तिने मोबाइलवर लिहिलं आणि त्याचा पासवर्ड तिने कुणाला सांगितला नाही. पाकीट वाटेत हरवलं तर हरवलं. मी चार दिवस विचार केला. तो कपाटावर राहिला तर तो अर्धाच राहणार.

सातव्या नियमाच्या शेवटी जागा रिकामी आहे. ती तू भर. "शी" किंवा "से". निळ्या शाईने, तिची निळी आहे. आठवत असेल ते लिही. आठवत नसेल तर तुला जे चालेल ते लिही. जिथे नियम तोकडा पडेल तिथे सूत्रधाराने ठरवावं, असं पहिल्याच नियमात तिने लिहून ठेवलं आहे. तो शब्द पूर्ण आहे, बघ. मी तपासणार नाही. कुणाकडे तपासणार?

"शी" आलं तर ती पेरणी. मग चिमणीचा कागद फाशांच्या डबीत जाईल, अहेर टपालाने येईल, रविवारी मी धपाटे करायचं सोडीन. त्यात भांडण नाही. करपलेलं मोडावं लागतं, शिवप्रसाद म्हणाला तसं. मान वर करत नाही तो नांगरवाला मला कळतो.

"से" आलं तर चिमणी चोर आहे तशी राहील आणि वैद्यही होईल. पहिल्या पातळीची, त्याहून जास्त नको. ती बारवेच्या तळाशी जाऊन भीमण्णाला हात लावील. शिवप्रसादचा रोज मेसेज येतो, "काकू, घोंगडं?" मग तीस तारखेला सकाळच्या अहमदपूरमार्गे येणाऱ्या बसने मी लातूरला येईन आणि ती रिकामी ठेवलेली जागा माझी आहे असं धरून बसेन. सात डिसेंबरच्या रविवारी तुम्ही दोघांनी यायचं. अक्षराला पात्र करून द्यायला लागेल. तिला फासा टेबलावर टाकायला शिकव, त्या दिवशी तिने तो सरळ फरशीवर घालवला आणि सोफ्याखालून मला काढावा लागला. चार माणसांना चार खुर्च्या आहेत, पाचव्याला गच्चीवरचं स्टूल. स्टुलावर तू.

आणि भीमण्णाचा तिसरा फासा टाकणं बंद कर. तो त्याचा आहे.

फोन करू नकोस. मेसेज पाठवू नकोस. अक्षराला मध्ये घालू नकोस. "आई, बोलूया का" नको. पोस्टमन दुपारी येतो, तरी सहापर्यंत धरते. कागद तुझ्या हातचं एक अक्षर भरून, स्पीड पोस्टाने, शुक्रवार दिनांक २८ नोव्हेंबर २०२५ रोजी संध्याकाळी सहाच्या आत माझ्या हातात आला पाहिजे.

मी घरीच आहे.

आई